१९४५ नंतर जर्मन पोलीस एका झटक्यात लोकशाहीवादी झाले? नाही हो

हे कायम फिरत असतं की युद्ध संपलं, दोस्त राष्ट्रांनी नाझी पोलिसांना हाकललं आणि पश्चिम जर्मनीत लगेच नवीन, जनतेचे मित्र असलेले पोलीस आले. अर्धवट आहे हे. सुरुवातीला बरेच जण काढले गेले हे खरं, पण १९५१ मध्ये राज्यघटनेच्या कलम १३१ खाली कायदा झाला आणि काढलेल्या जुन्या सरकारी नोकरांना परत यायचा रस्ता मिळाला, त्यात पोलीसही आले. त्याच वर्षी केंद्रीय गुन्हे तपास खातं बीकेए सुरू झालं आणि तिथे वरच्या खुर्च्यांवर जुने एसएसवाले (एसएस म्हणजे नाझी पक्षाची निमलष्करी संघटना) भरपूर, १९६५ ते १९७१ प्रमुख असलेला पॉल डिकोफ स्वतः एसएसमध्ये होता! मला तरी हे वाचून अजून राग येतो.

बदल आला तो हळूहळू आणि बराचसा रस्त्यावरच्या संघर्षातून. १९६२ ला म्युनिकच्या श्वाबिंगमध्ये रस्त्यावर गिटार वाजवणाऱ्या पोरांवरून दंगल पेटली, लाठ्या चालल्या, मग तिथल्या पोलिसांनी मानसशास्त्रज्ञ नेमला. २ जून १९६७ ला बर्लिनमध्ये इराणच्या शहाविरोधी निदर्शनात बेनो ओनेझोर्ग हा विद्यार्थी पोलिसाच्या गोळीने मेला आणि तो पोलीस निर्दोष सुटला, त्याने अख्खी पिढी पेटली. पुढे १९८५ च्या ब्रोकडोर्फ निकालात (तिथल्या अणुप्रकल्पाविरोधी निदर्शनाचा खटला) घटना न्यायालयाने सांगितलं की शांततेत निदर्शन करणं हा मूलभूत हक्क आहे आणि पोलिसांनी आयोजकांशी बोलून सहकार्य करायचं. म्हणजे युद्ध संपून ४० वर्षं झाल्यावर.