शपथपत्रावरची डिजिटल सही आणि ३३चे गणित

शपथपत्राच्या पीडीएफवर सहीचा फोटो चिकटवला की झाली डिजिटल सही, असे बरेच जण समजतात. तो फोटो कोणीही उचलून दुसऱ्या कागदावर लावू शकतो. मजकुरातला एखादा ‘नाही’ पुसला तरी फोटो जसाच्या तसा राहतो. खरी डिजिटल सही ही एक भलीमोठी संख्या असते आणि ती ज्या मजकुरासाठी काढली, त्याच मजकुराला लागू पडते.

ही संख्या दोन टप्प्यांत तयार होते. आधी मजकुराचा हॅश, म्हणजे त्याचा ठरावीक लांबीचा आकडी ठसा, काढतात. मजकूर दोन ओळींचा असो की दोनशे पानांचा, एसएचए-२५६ ही पद्धत त्यातून बरोबर २५६ बिट (० किंवा १ असे अंक) काढते. एक स्वल्पविराम हलला तरी त्यातले साधारण निम्मे बिट बदलतात. जुनी एसएचए-१ पद्धत मात्र इथे नापास झाली. २०१७ साली संशोधकांनी एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली बनवून दाखवल्या. एका फाइलीची सही दुसरीलाही लागू पडली असती, म्हणून शपथपत्रासाठी अशी पद्धत चालणारच नाही.

दुसरा टप्पा माझा सर्वांत आवडता. अशा सहीची कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६मध्ये मांडली, आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी ती आरएसए पद्धतीने प्रत्यक्षात आणली. तिचे छोटे रूप कागद-पेन्सिलीने करून पाहता येते. ३ आणि ११ या मूळसंख्या घ्या. गुणाकार ३३. प्रत्येकीतून एक वजा करून गुणले की २०. आता ३ ही पडताळणीसाठी सर्वांना दिलेली जाहीर किल्ली आणि ७ ही फक्त सही करणाऱ्याजवळची गुप्त किल्ली, कारण ३ × ७ = २१, आणि २१ला २०ने भागल्यास बाकी १ उरते.

समजा मजकुराचा हॅश ४ आहे. सही करणारा ४चा सातवा घात काढतो: १६३८४. त्याला ३३ने भागल्यावर बाकी १६. हीच सही. पडताळणारा १६चा घन करतो: ४०९६. ३३ने भागल्यावर बाकी ४. हॅश जुळला! एकूण ४चा एकविसावा घात झाला, आणि ३३च्या बाक्यांमध्ये घात २०ने वाढला की बाकी पुन्हा तीच येते. म्हणून सुरुवातीचे ४ परत मिळतात. कोणी मजकूर बदलून हॅश ५ झाला, तरी सहीतून ४च निघेल आणि लबाडी उघडी पडेल. नवी सही बनवायला ७ हवेत, ७ शोधायला २० हवेत, आणि २०साठी ३३चे अवयव. ३३चे अवयव शाळकरी मूलही पाडेल. प्रत्यक्षातल्या २०४८ बिटांच्या संख्येत मात्र ६१७ अंक असतात. अवयव पाडून दाखवा म्हणून जाहीर केलेल्या आरएसएच्या आव्हान-संख्यांपैकी २०२०मध्ये फोडलेली संख्या २५० अंकी होती.

ही किल्ली कोणाची, हे प्रमाणपत्र सांगते. शपथ घेतली गेली का, हे मात्र गणिताला ठाऊक नसते. त्यासाठी शपथ देणारा अधिकारी लागतो. तो ओळख पटवतो आणि शपथ देतो, समोरासमोर किंवा कायद्याची परवानगी असेल तिथे थेट व्हिडिओवर. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने असा कायदा २०११मध्ये केला. मग अधिकारी ‘माझ्यासमक्ष’ असे नमूद करून आपली डिजिटल सही करतो. पीडीएफमध्ये ही दुसरी सही मजकूर आणि पहिली सही दोन्हींना कवेत घेते, त्यामुळे ते साक्षांकन उचलून दुसऱ्या शपथपत्राला जोडता येत नाही. क्रम उलटा झाला, तर अधिकाऱ्याने न झालेल्या सहीची साक्ष दिली असे होईल.

शाईच्या सहीत काही खास पावित्र्य असते हा समज जितका निराधार, तितकीच ‘ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर जपलेल्या सामायिक नोंदवहीत) नोंदवलेले म्हणजे सत्य’ ही जाहिरातही. शपथेवर खोटे लिहिले, तर सही ते खोटेच निष्ठेने जपून ठेवते.

एक अडचण काळाची आहे. प्रमाणपत्राची मुदत काही वर्षांत संपते, शपथपत्र मात्र वीस वर्षांनीही कोर्टात लागू शकते. म्हणून सही झाली त्या वेळी प्रमाणपत्र वैध होते हे दाखवायला त्रयस्थ यंत्रणेची वेळमुद्रा लावतात. त्यात पीटर शोर यांनी १९९४मध्येच दाखवले आहे की पुरेसा मोठा क्वांटम संगणक अशा संख्यांचे अवयव झपाट्याने पाडेल. अवयवांवर न विसंबणाऱ्या सह्यांची नवी मानके अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०२४मध्ये जाहीर केली. जुन्या शपथपत्रांवर, आरएसए कोसळण्याआधीच, या नव्या पद्धतीची वेळमुद्रा पुन्हा उमटवावी लागेल.