चित्रपटाची तालिकानोंद

चित्रपटाची तालिकानोंद : ग्रंथालयातील चित्रपट, त्याची वेगवेगळी रूपे आणि कपाटातील प्रती यांची एकमेकांशी असलेली नाती दाखवणारी नोंदपद्धती. पुस्तकासाठी घडलेला साचा इथे तोकडा पडतो. पुस्तक लेखकाच्या नावाखाली लागते. चित्रपट दिग्दर्शकाचा म्हणावा, पटकथाकाराचा की निर्मात्याचा? म्हणून तो शीर्षकाखाली नोंदवून प्रत्येकाचे नाव त्याच्या कामासह जोडतात.

आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाच्या (इफ्ला) १९९८ च्या अहवालाने चार पायऱ्या मांडल्या : कृती, अभिव्यक्ती, प्रकटन आणि प्रत. सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या मेणवलीत, नाना फडणवीसांच्या वाड्याच्या आणि घाटाच्या परिसरात ‘स्वदेस’चे (२००४) चित्रीकरण झाले. हा चित्रपट ही कृती. मूळ हिंदी बोलपट ही एक अभिव्यक्ती, ‘देसम’ नावाने आलेले तमिळ डबिंग ही दुसरी. बाजारात आलेली डीव्हीडी हे प्रकटन, आणि दाखल क्रमांक टाकून कपाटात ठेवलेली डबी ही प्रत. चित्रीकरणस्थळ कृतीच्या नोंदीत एकदाच लिहायचे. मग “मेणवलीत शूटिंग झालेले सिनेमे आहेत का?” असे वाचकाने विचारले, तर एकेक डबी उलटून पाहावी लागत नाही.

‘शोले’ (१९७५) घ्या. ७० मिमी आणि ३५ मिमी या दोन्ही पट्ट्या प्रकटनाच्या पायरीवर बसतात. पण सेन्सॉरमुळे बदललेला शेवट आणि ठाकूर गब्बरला ठार मारतो तो मूळ शेवट, हा भेद आशयातला आहे. तो एक पायरी वर, अभिव्यक्तीतच दाखवायला हवा. डबीवर नाव एकच असते, त्यामुळे हा फरक तालिकेत सर्रास हरवतो.

खरी कसोटी प्रभातच्या ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ (१९४१) यांची. दिग्दर्शक एकच, कथाही तीच. गजानन जागीरदार दोन्हींत आहेत, पण त्यांच्यासमोर मराठीत केशवराव दाते, तर हिंदीत मझहर खान. दृश्ये नव्याने चित्रित झाली. डबिंग किंवा सबटायटल ही अहवालानुसार त्याच कृतीची दुसरी अभिव्यक्ती. परंतु नट बदलले की अभिनयच वेगळा होतो. त्यामुळे या दोन कृती मानून त्यांना नात्याने बांधणे अधिक न्याय्य ठरेल. दात्यांचे काम शोधणाऱ्याच्या हाती ‘पडोसी’ पडू नये.

चित्रपट-संग्रहालयांना ‘अभिव्यक्ती’ हा शब्द पचला नाही. युरोपीय मानक ईएन १५९०७ (२०१०) आणि चित्रपट-संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची (फिआफ) २०१६ ची पुस्तिका त्याऐवजी ‘प्रभेद’ मानतात : मूळ रूप कृतीच्याच नोंदीत, आणि त्यापासून ढळलेले रूप तेवढे वेगळे.

२०१९ च्या महापुरात सांगलीत ग्रंथालयांतही पाणी शिरले. डबीलाच चित्रपट मानणाऱ्या यादीत भिजलेली डबी निर्लेखित झाली, की चित्रपटाचाही मागमूस पुसला जातो. पायऱ्यांच्या तालिकेत फक्त प्रत खोडली जाते. कोणत्या भाषेतले, कोणत्या शेवटाचे रूप गेले ते वर लिहिलेले असते, आणि नवी प्रत त्यावरून मागवता येते.