तारिमच्या काठचे हिरवे: पार्श्वभूमी

तारिमच्या खोऱ्यातले लौलान हे प्राचीन शहर ओस पडले त्याला दीड हजारांहून जास्त वर्षे झाली. ती कथा इथे बाजूला ठेवू. आजचा वाद तारिमच्या काठचे हिरवे खरेच वाढले का, याचा; त्याचे मूळ 1972मध्ये आहे. वायव्य चीनमधल्या तक्लामाकान वाळवंटाच्या उत्तर कडेने येणाऱ्या तारिम नदीवर दाशीहाइझी जलाशय उभा राहिला आणि खालचे 300 किमीहून जास्त पात्र कोरडे पडले. त्याच वर्षी जुलैत जमिनीची चित्रे घेणारा पहिला लँडसॅट उपग्रह सुटला, त्यामुळे त्याच्या वाट्याला आली ती मुख्यतः आटती नदी. त्याआधीचे पात्र दिसते ते अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांच्या फिल्मवर. वाळवंटाच्या पूर्वेला लोप नोर इथे चीनचे अणुचाचणी केंद्र होते म्हणून या वाळवंटाची छायाचित्रे निघत. ती 1995मध्ये खुली झाली.

2000च्या मे महिन्यात खालच्या पात्रात पाणी सोडायला सुरुवात झाली, बोस्तेन सरोवरातून. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ते शेवटच्या टोकाला, ताइतेमा तळ्यापर्यंत पोचले. तळे उपग्रहाला लगेच दिसते, मोजायलाही सोपे, म्हणून भरलेले ताइतेमा हेच यशाचे चित्र बनले. पण तळे उथळ, उन्हाळा कडक; तिथे पोचलेल्या पाण्यातले बरेचसे वाफ होऊन जाते. झाडांना हवे होते ते जमिनीखालचे पाणी, आणि ते चित्रात उमटत नाही.

खरा गुंता ‘मरूद्यान’ या शब्दाचा. चिनी भाषेत त्याला ‘ल्युझौ’ म्हणतात, म्हणजे हिरवे बेट. कशाने हिरवे, हे त्यात येत नाही. वनस्पती निर्देशांकही तसाच: लाल आणि जवळच्या अवरक्त प्रकाशाचे गणित करून तो हिरवेपणा सांगतो. मग नदीकाठचे तोग्राक, म्हणजे वाळवंटी पॉप्लर, आणि वरच्या अंगाची कपाशी एकाच आकड्यात जमा होतात. उलट तोग्राक विरळ असतात. लँडसॅट चित्रातल्या 30 मीटरच्या एका चौकोनात एखादे झाड आणि बाकी वाळू, त्यामुळे जिवंत जंगलही रेतीत जमा होते. ‘मरूद्यानाचे क्षेत्र वाढले’ हे वाक्य म्हणूनच खरे असूनही फसवे ठरते. वाढली ती बहुतांशी शेती, आणि नदी आटवली तीही शेतीनेच!

जंगल आणि शेती वेगळी काढता येतात, पण एका चित्रावर नाही. कपाशीच्या पेरणीला, एप्रिलमध्ये, शेतांवर प्लास्टिक चमकते (आपल्याकडचा मल्चिंग पेपर, खाली ठिबक). जुलै-ऑगस्टात तीच शेते गर्द होतात. असा वर्षभराचा आलेख सर्वांच्या आवाक्यात आला तो 2008मध्ये लँडसॅटचा साठा फुकट झाल्यावर. 2015पासून युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची 10 मीटरची चित्रेही आली.

भूजल मात्र अजून काठच्या निरीक्षण विहिरींतच मोजावे लागते. त्या विहिरींनी दाखवले ते असे: पाणी वर आले, पण मुख्यतः पात्रालगत, दोन्ही बाजूंना साधारण किलोमीटरभर. त्यापलीकडचे तोग्राक बव्हंशी तसेच वाळलेले उभे आहेत.