हयातीचा दाखला द्यायला बँकेतच जायला लागतं?

दर नोव्हेंबरला तेच ऐकायला मिळतं की पेन्शनरने स्वतः आपल्याच ब्रँचमध्ये जाऊन सही केली नाही तर पेन्शन बंद. अहो नाही! १० नोव्हेंबर २०१४ पासून जीवन प्रमाण ही ऑनलाइन हयातीच्या दाखल्याची सरकारी सोय सुरू आहे, आणि २०२१ पासून तर बोटांचे ठसेपण लागत नाहीत, अँड्रॉइड फोनवर आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन अ‍ॅप टाकायची, चेहरा स्कॅन झाला की प्रमाण आयडीचा (म्हणजे दाखल्याच्या नंबरचा) मेसेज येतो आणि दाखला ऑनलाइनच बँकेकडे पोचतो, प्रिंट नेऊन द्यायची गरज नाही. फक्त आधार पेन्शन खात्याला जोडलेलं पाहिजे, तिथेच बरेच जण अडकतात. फोन जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन करून देतो. ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. गुडघे दुखणाऱ्या आजीला कृपा करून रांगेत उभं करू नका.