बैर-शेबा

इस्राएलच्या दक्षिणेस, नेगेव या कोरड्या प्रदेशाच्या तोंडाशी असलेले प्राचीन स्थळ व आधुनिक शहर. ‘बैर-शेबा’ हे मराठी बायबलातले रूप; आजच्या हिब्रूत ‘बे-एर शेवा’, अरबीत ‘बीर अस्-सबा’. कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल समाजातील अनेक कुटुंबे या शहरात आणि जवळच्या दिमोनात स्थायिक झाली आहेत.

नावाचा पहिला भाग सरळ आहे. हिब्रूत ‘बएर’ म्हणजे माणसांनी खणलेली विहीर. आपोआप वाहणाऱ्या झऱ्याला ‘एन’ म्हणतात (एन-गेदी हे त्यातलेच नाव) आणि पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्याला ‘बोर’. भाषांतरात हे तिन्ही शब्द एकमेकांत मिसळले की नावातला मुद्दाच हरवतो: झरा कोणाच्या कष्टाचा नसतो, विहीर असते, म्हणून तिच्यावर हक्क सांगता येतो आणि भांडणही होते. वर्षाला जेमतेम 200 मिमी पाऊस पडणाऱ्या या भागात ते होणारच.

‘शेबा’वर मात्र दोन अर्थांचा दावा आहे. सात हा अंक आणि शपथ घेण्याचे क्रियापद, दोन्हींची मूळ अक्षरे तीच: शिन, बेत, अयिन. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात अबीमलेख राजाच्या चाकरांनी बळकावलेल्या विहिरीवरून ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम तक्रार करतो आणि सात कोकरी वेगळी काढून ठेवतो. ती स्वीकारणे म्हणजे विहीर अब्राहामानेच खणली याची कबुली. लगेच पुढे मात्र मजकूर नावाचे कारण देतो ते दोघांनी तेथे शपथ वाहिल्याचे. ‘सातांची विहीर’ की ‘शपथेची विहीर’ असा वाद घालण्यात म्हणूनच फारसे हशील नाही. कथाकाराने श्लेष जाणूनबुजून ठेवलेला दिसतो. 26व्या अध्यायात हेच नाव पुन्हा पडते, या वेळी अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्या काळात. करार त्याही वेळी अबीमलेखाशीच होतो, आणि त्याच दिवशी चाकर पाणी लागल्याची बातमी आणतात. बरेच अभ्यासक या एकाच परंपरेच्या दोन आवृत्त्या मानतात. शबाच्या राणीशी या नावाचा काही संबंध नाही. ‘शबा’च्या शेवटी अयिन नसून आलेफ आहे. अरबीत ‘सबा’चा अर्थ सात, पण सिंहवाचक शब्दही जवळचा असल्याने ‘सिंहाची विहीर’ अशी लोकव्युत्पत्ती तेथे प्रचलित आहे.

‘दानापासून बैर-शेब्यापर्यंत’ हा बायबलातला ठरीव वाक्प्रयोग म्हणजे अख्खा देश, उत्तर टोकाच्या दान या गावापासून दक्षिण टोकापर्यंत. सरळ रेषेत सुमारे 240 किमी. बायबलातल्याच ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकांत क्रम उलटा, बैर-शेब्यापासून दानापर्यंत, असा येतो. सीमेवरचे हे गाव पूजास्थानही होते. अब्राहामाने येथे एशेल झाड लावून परमेश्वराचा धावा केला. उलट आमोस संदेष्टा लोकांना तिकडे जाऊ नका असे बजावतो.

प्राचीन वस्तीचे टेकाड, तेल बे-एर शेवा, आधुनिक शहराच्या पूर्वेस आहे. योहानान अहारोनी यांनी 1969पासून तेथे उत्खनन केले. वेशीबाहेरची विहीर सुमारे 69 मी. खोल आहे, पण ती अब्राहामाचीच म्हणून दाखवणे पुराव्याला धरून नाही. 1973मध्ये कोपऱ्यांवर शिंगांसारखी टोके असलेल्या वेदीचे घडीव दगड एका कोठाराच्या भिंतीत बसवलेले सापडले; एका दगडावर साप कोरलेला आहे. बायबलातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात वेदीसाठी घडीव दगड वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. यहूदाचा राजा हिज्कीया याच्या धर्मसुधारणेत ही वेदी मोडली गेली, असे अहारोनींचे मत. पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांना ते मान्य नव्हते. मगिद्दो व हासोर या इस्राएलमधल्या प्राचीन टेकाडांसह हे टेकाड 2005पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.