रंगसंगती (केडीई प्लाझ्मा)

संगणकाच्या पडद्यावरील विंडो, बटणे, याद्या, मजकूर आणि निवडलेला भाग यांना कोणते रंग द्यायचे, हे ठरवून एका नावाखाली साठवलेल्या व्यवस्थेला रंगसंगती म्हणतात. लिनक्सवर चालणाऱ्या ‘केडीई प्लाझ्मा’ या डेस्कटॉपमध्ये ही व्यवस्था वापरणाऱ्याला पूर्णपणे उघडी ठेवलेली आहे. तयार रंगसंगती निवडता येते, तिच्यातला एखादाच रंग बदलता येतो किंवा सगळी रंगसंगती मुळापासून स्वतः रचता येते.

बोलताना ‘रंगसंगती’ आणि ‘थीम’ हे शब्द एकमेकांच्या जागी येतात, पण प्लाझ्मात त्यांचे अर्थ वेगळे आहेत. बटणाचा आकार, त्याची कड आणि त्यावरची छटा ‘अॅप्लिकेशन स्टाइल’ ठरवते, विंडोच्या शीर्षकपट्टीची घडण ‘विंडो डेकोरेशन’ ठरवते, आणि आयकॉन व कर्सर यांचे संच निराळे असतात. या सर्वांची एकत्र मोट बांधणाऱ्या संचाला ‘ग्लोबल थीम’ म्हणतात. रंगसंगती हा त्या संचाचा केवळ एक भाग असला, तरी दिवसभर पडद्याकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांना जो फरक जाणवतो तो बहुतांशी तिच्यामुळेच पडतो.

रंगसंगतीच्या मुळाशी असलेली कल्पना साधी आहे : रंग वस्तूला द्यायचा नाही, भूमिकेला द्यायचा. प्रोग्राम लिहिणारा ‘हा मजकूर काळा करा’ असे सांगत नाही. ‘हा नेहमीचा मजकूर आहे’, ‘हा दुवा आहे’, ‘ही धोक्याची सूचना आहे’ एवढेच तो सांगतो, आणि त्या भूमिकेसाठी कोणता रंग नेमला आहे ते प्रोग्राम चालू असताना रंगसंगतीतून पाहिले जाते. प्लाझ्मात या भूमिकांचे गट केलेले आहेत. ‘विंडो’ हा गट विंडोच्या सर्वसाधारण पृष्ठभागासाठी, ‘व्ह्यू’ हा यादी किंवा मजकूर लिहिण्याच्या जागेसाठी, ‘बटन’ बटणांसाठी आणि ‘सिलेक्शन’ निवडलेल्या भागासाठी असतो. टूलटिप (माउस थांबवल्यावर उमटणारी छोटी माहितीची चौकट) आणि विंडोचा वरचा पट्टा यांचे गट वेगळे. प्रत्येक गटात बारा नोंदी येतात. त्यांपैकी दोन पार्श्वभूमीच्या असतात : एक नेहमीची, आणि दुसरी यादीतल्या एकाआड एक ओळींसाठी किंचित वेगळी. दोन नोंदी फोकस (कीबोर्डवरून टंकलेले सध्या कुठे जाईल ती जागा) आणि माउस वर आल्याची खूण दाखवण्यासाठी असतात, आणि उरलेल्या आठ मजकुराच्या : नेहमीचा, निष्क्रिय, सक्रिय, दुवा, पाहिलेला दुवा, नकारात्मक, तटस्थ आणि सकारात्मक. वापरता न येणारे बटण फिकट कसे दिसावे, याचे नियम स्वतंत्र विभागात दिलेले असतात.

हे सारे ‘.कलर्स’ असा विस्तार असलेल्या एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहिलेले असते. लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण ० ते २५५ अशा तीन आकड्यांनी नोंदवतात. प्लाझ्माच्या ‘ब्रीझ’ या मूळ रंगसंगतीतला ओळखीचा निळा ६१, १७४, २३३ असा लिहिला जातो, तर तिच्या उजळ रूपातल्या विंडोचा करडा पृष्ठभाग २३९, २४०, २४१ असा असतो. रंगसंगती लागू केली की तिचे रंग वापरणाऱ्याच्या ‘केडीईग्लोबल्स’ या फाइलमध्ये उतरतात आणि चालू असलेल्या प्रोग्रामना बदलाची सूचना जाते, म्हणून संगणक पुन्हा सुरू न करताच सगळ्या विंडोंचे रंग पालटतात. एकरंगी आयकॉनसुद्धा बदलतात, कारण ब्रीझच्या आयकॉनांच्या चित्रफाइलींतही रंगाच्या जागी भूमिकेचे नाव दिलेले असते.

रंग भूमिकेला जोडण्याची ही पद्धत प्लाझ्मापेक्षा बरीच जुनी आहे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये कंट्रोल पॅनेलमधून असे रंग बदलता येत, आणि तयार रंगसंगतींत लाल-पिवळ्या भडक रंगांची ‘हॉटडॉग स्टँड’ ही रंगसंगतीही होती. २००१ च्या विंडोज एक्सपीने ‘लूना’ ही नवी शैली आणली. तीत बटणे आणि शीर्षकपट्ट्या तयार चित्रांतून रंगवल्या जात असल्याने वापरणाऱ्यासमोर निळा, ऑलिव्ह हिरवा आणि रुपेरी असे तीनच पर्याय उरले. रूप देखणे झाले, पण त्याच्या बदल्यात मुभा आक्रसली. प्लाझ्मा ज्यातून घडला त्या केडीई प्रकल्पाची सुरुवात मात्थियास एट्रिश यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये केली. आज वापरात असलेली भूमिकांची मांडणी २००८ च्या केडीई ४ पासूनची आहे, तर ब्रीझ २०१४ मध्ये प्लाझ्मा ५ बरोबर आली. ऑक्टोबर २०२१ मधील प्लाझ्मा ५.२३ मध्ये ‘अॅक्सेंट रंग’ वेगळा निवडण्याची सोय झाली. त्यामुळे बाकीची रंगसंगती तशीच ठेवून निवड, फोकस यांसारख्या उठावाच्या जागांचा रंग तेवढा बदलता येतो.

रंगसंगती रचताना सौंदर्यापेक्षा वाचनीयतेचा प्रश्न अवघड असतो. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक एका गुणोत्तराने मोजतात, आणि वेबसाठीच्या सुगम्यता निकषांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी ते किमान ४.५ : १ असावे लागते. ब्रीझचा गडद मजकूर पांढऱ्या पृष्ठभागावर सुमारे १५ : १ इतका स्पष्ट दिसतो, पण तिच्याच ओळखीच्या निळ्यावर पांढरी अक्षरे ठेवली, तर गुणोत्तर सुमारे २.५ : १ वर येते. प्रसन्न दिसणारा रंग वाचनाला सोयीचा असेलच असे नाही, हे यातून कळते. देवनागरी वाचणाऱ्यांनी याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ यांतला फरक एका ठिपक्याचा आहे, आणि लहान आकाराच्या फिकट मजकुरात सर्वांत आधी हरवतो तो हा अनुस्वारच. म्हणून मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने निष्क्रिय आणि निवडलेल्या मजकुराचे रंग नुसते पाहून न ठरवता प्रत्यक्ष मराठी ओळी वाचून पारखावेत.

गडद रंगसंगतीत ही पारख आणखी महत्त्वाची ठरते. उजळ रंगसंगतीची फक्त पार्श्वभूमी काळी करून बाकीचे रंग तसेच ठेवले, की लाल सूचना आणि निळे दुवे काळ्या पृष्ठभागावर बुडून जातात; त्यामुळे नकारात्मक, सकारात्मक आणि दुव्याच्या भूमिकांसाठी फिक्या छटा स्वतंत्रपणे निवडाव्या लागतात. ‘नाइट लाइट’ ही सोय यापेक्षा वेगळी आहे : ती संपूर्ण पडद्याचा प्रकाश पिवळसर करते, रंगसंगतीला हात लावत नाही.

कोणत्याही रंगसंगतीची खरी मर्यादा प्रोग्रामच्या शिस्तीत असते. एखाद्या प्रोग्रामने मजकुराचा काळा रंग स्वतः पक्का केला आणि पार्श्वभूमी मात्र रंगसंगतीतून घेतली, तर गडद रंगसंगतीत काळ्यावर काळी अक्षरे उमटतात. जीटीके या बटणे-विंडो घडवण्याच्या वेगळ्या साधनसंचावर बांधलेल्या प्रोग्रामपर्यंत प्लाझ्मा आपले रंग पोहोचवते, पण सगळीकडे सारख्याच यशाने नाही. लिनक्सवरचाच दुसरा डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोम प्रकल्पाने तर याबाबत उलट भूमिका घेतली. मार्च २०२२ च्या ग्नोम ४२ पासून त्याचे नवे प्रोग्राम बाहेरच्या थीम स्वीकारत नाहीत, कारण अनोळखी थीमखाली आपला प्रोग्राम कसा दिसेल याची हमी लेखकाला देता येत नाही. ही अडचण खरी आहे. तरीही ज्याच्या डोळ्यांना एखादा विशिष्ट रंगच सोसतो, त्याला प्लाझ्माची मोकळीक अधिक उपयोगी पडते. काही प्रोग्राम स्वतःपुरती वेगळी रंगसंगती ठेवू देतात. कृता या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये भोवतालचा पृष्ठभाग तटस्थ करडा ठेवतात, कारण शेजारचा रंग चित्रातल्या रंगाची पारख बिघडवतो.

नवी रंगसंगती ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधून थेट उतरवून घेता येते किंवा तिची फाइल हाताने योग्य फोल्डरात ठेवता येते. येथे रंगसंगती आणि ग्लोबल थीम यांतील भेद व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. रंगसंगतीच्या फाइलमध्ये नावे आणि आकडेच असतात. ग्लोबल थीमबरोबर मात्र चालवता येणारा कोडही येऊ शकतो. मार्च २०२४ मध्ये इतरांनी बनवलेली अशी एक ग्लोबल थीम बसवल्यावर एका वापरकर्त्याच्या वैयक्तिक फाइली पुसल्या गेल्या, आणि त्यानंतर केडीईने बाहेरून येणाऱ्या थीमबाबत सावधगिरीची जाहीर सूचना दिली. केवळ रंगच बदलायचे असतील, तर पूर्ण संच न घेता रंगसंगतीची फाइल तेवढी घेणे पुरेसे असते.