जंगलात पळतो, शहरात अडखळतो: गेमचा दोष नक्की कुठे शोधायचा?

आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन मोठ्या जगात फिरायचे गेम्स, खेळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. रानात, गुहेत, डोंगरात गेम मस्त पळतो आणि मोठ्या शहरात पाय टाकला की फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) धाडकन निम्म्यावर. मग माणूस सेटिंग्समध्ये जातो, शॅडो लो, टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) लो, गवत बंद, गेमची पार रया घालवतो आणि अडखळणं आहे तिथेच. पुढचा विचार थेट नवीन ग्राफिक्स कार्डाचा. पण जरा थांबा, शहरात बरेचदा कार्ड बिचारं हातावर हात धरून बसलेलं असतं.

सेकंदाला 60 फ्रेम्स हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला साधारण 16.7 मिलिसेकंद येतात. तेवढ्यात प्रोसेसरला आधी सगळं ठरवायचं असतं, कुठला दुकानदार कुठे चाललाय, पहारेकऱ्याला तुम्ही दिसलात का, फेकलेली बाटली कशावर आपटली, आणि मग या चित्रात काय काय काढायचंय त्याची यादी कार्डाकडे जाते. प्रोसेसर मुकादम आणि कार्ड रंगारी, आणि मुकादमाने भिंत दाखवल्याशिवाय रंगारी कितीही तरबेज असला तरी ब्रश धरून उभाच राहणार. बाल्डर्स गेट 3 या आरपीजीचा तिसरा अंक याच कारणाने बदनाम झाला, तिथलं शहर माणसांनी गच्च भरलंय आणि त्या सगळ्यांचा हिशोब प्रोसेसरच्या डोक्यावर.

कोण कोणासाठी थांबलंय हे कळायला पैसे लागत नाहीत. जिथे त्रास होतो तिथेच पात्र उभं करा, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम्स) बघा, रिझोल्युशन एकदम खाली आणा आणि परत बघा. आकडा वाढला तर कार्ड कमी पडत होतं. आकडा हलला नाही तर अडचण प्रोसेसरकडे आहे, आणि टेक्श्चर कितीही कमी केलं तरी उपयोग शून्य, तिथे गर्दीची सेटिंग, दूरचं दिसण्याचं अंतर आणि चालू असेल तर रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब, हे कमी करायचं (हो, रे ट्रेसिंग प्रोसेसरलाही कामाला लावतं). टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर 30 टक्के दिसतोय म्हणून निश्चिंत होऊ नका, 16 थ्रेड्सपैकी (प्रोसेसरच्या एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा) एकच पूर्ण पिळून निघत असला तरी एकूण आकडा 6 टक्क्यांच्या आसपासच दिसतो, आणि बऱ्याच गेम्सचं मुख्य काम त्या एकाच थ्रेडवर अडलेलं असतं. कार्डाचा वापर मात्र 97-98 टक्के दिसला तर घाबरायचं काहीच नाही, ते त्याचं काम करतंय.

दुसरा त्रास म्हणजे झटके. एफपीएस चांगला, तरी मध्येच चित्र अडकतं. इथे झटका कधी येतो ते बघायचं. एखादा मंत्र पहिल्यांदा मारला तेव्हा अडकलं आणि दुसऱ्यांदा तोच मंत्र लोण्यासारखा चालला तर तो शेडरचा प्रकार. शेडर म्हणजे उजेड, धूर, आग कशी दिसावी हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम, आणि प्रत्येक कार्डाची भाषा वेगळी असल्याने ते शेवटी तुमच्याच मशीनवर तयार करावे लागतात. काही गेम्स सुरुवातीलाच "शेडर तयार होत आहेत" म्हणून पाच-दहा मिनिटं थांबवतात, लोक वैतागून ते स्किप करतात आणि मग खेळताना तेच हप्त्याहप्त्याने फेडतात. ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर हे सगळं बहुधा नव्याने होतं, त्यामुळे अपडेटनंतरच्या पहिल्या तासावरून ड्रायव्हरला शिव्या घालू नयेत.

पण तासभर छान चालून मग कॅमेरा फिरवला की अडकायला लागलं, भिंतींचे टेक्श्चर मातीसारखे पुसट दिसायला लागले, तर संशय व्हीरॅमवर, म्हणजे कार्डावरच्या मेमरीवर. ती भरली की जादाचा माल साध्या रॅममध्ये ठेवावा लागतो आणि तिथून तो पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून (कार्ड मदरबोर्डवर बसतं ती खाच) ओढावा लागतो. पीसीआय एक्सप्रेस 4.0 ची पूर्ण 16 लेनची वाट सेकंदाला जेमतेम 32 जीबी नेते, आणि मध्यम कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला 300 जीबीच्या घरात माल पुरवते, म्हणजे फरक दहापट. इथे टेक्श्चर कमी केलं की खरंच फरक पडतो. उलट व्हीरॅम पुरेशी असेल तर टेक्श्चर हाय ठेवल्याने एफपीएसवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, उगाच गेम कळकट करायचा नाही.

आता स्क्रीनवर ठिपके, चौकोन, ताणलेले त्रिकोण दिसायला लागले की काळजाचा ठोका चुकतो. अशा वेळी स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाईलने स्क्रीनचा फोटोही काढा. स्क्रीनशॉट कार्डाच्या मेमरीतून उचलला जातो, केबलपर्यंत तो पोचतच नाही. त्यामुळे फोटोत ठिपके आहेत आणि स्क्रीनशॉट दुसऱ्या मशीनवर उघडला तर स्वच्छ आहे, म्हणजे दोष केबल, पोर्ट किंवा मॉनिटरचा. दोन्हीकडे दिसले तर चित्र तयार होतानाच बिघडतंय, मग आधी ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा वाढवलेला वेग) काढा, तापमान बघा, आणि दुसऱ्या गेममध्येही तेच दिसतं का ते तपासा. फक्त एकाच गेममध्ये दिसत असेल तर कार्ड बहुधा ठणठणीत आहे. स्कायरिममध्ये एखादं घर जांभळंजर्द दिसलं तर टेक्श्चरची फाईल सापडत नाहीये, म्हणजे मॉड (खेळाडूंनी बनवलेली जोड) नीट बसलेला नाही. लांबचे डोंगर लुकलुकतात तेही हार्डवेअर नव्हे, कुठली वस्तू पुढे आणि कुठली मागे हे मोजणाऱ्या आकड्यांची अचूकता कॅमेऱ्याजवळ भरपूर आणि लांब गेलं की फार कमी, त्यामुळे दोन पृष्ठभाग एकमेकांत चिकटल्यासारखे होतात आणि दर फ्रेमला वेगळा जिंकतो.

क्रॅशचेही प्रकार आहेत. स्क्रीन काळी होऊन परत आली किंवा गेम एकटाच बंद पडला तर विंडोजने ड्रायव्हरला रीसेट केलेलं असू शकतं. विंडोज व्हिस्टापासून नियम असा की कार्डाने 2 सेकंदांत उत्तर दिलं नाही तर ते अडकलंय असं धरायचं. अख्खं मशीन मेसेज न देता रीस्टार्ट झालं तर पॉवर सप्लायकडे बघा, मोठी कार्डं काही मिलिसेकंदांसाठी सरासरीच्या खूप वर वीज ओढतात आणि दमलेल्या सप्लायला तेवढा धक्का पुरतो. अर्ध्या तासाने हळूहळू मंद होत गेलं तर ती उष्णता, प्रोसेसर 95-100 अंशांना पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, तेव्हा धूळ साफ करा. मेनूतही एफपीएसला मर्यादा लावा. 2021 मध्ये न्यू वर्ल्ड या गेमच्या बीटात (चाचणीच्या आवृत्तीत) काही महागडी कार्डं मेनूमध्येच बंद पडली होती, मूळ दोष त्या कार्डांच्या सोल्डरिंगचा निघाला, पण रिकाम्या मेनूत शेकडो फ्रेम्स काढत बसायची कार्डाला गरज नसतेच.

सगळ्यात फसवा असतो तो एरर मेसेज. इंटेलच्या 13 व्या आणि 14 व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर कित्येक गेम्स "व्हिडिओ मेमरी संपली" म्हणून बंद पडायचे, तेही भरपूर व्हीरॅम असलेल्या कार्डांवर. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डं बदलली, काही नाही. प्रत्यक्षात प्रोसेसरच शेडरचा लहान करून ठेवलेला (कॉम्प्रेस केलेला) डेटा उलगडताना चुका करत होता, गेमला पुढे काहीतरी चुकलंय एवढंच कळायचं आणि तो हाताशी असलेला मेसेज दाखवायचा. प्रोसेसरकडून जास्त व्होल्टेज मागितलं जात असल्याचं इंटेलने 2024 मध्ये मान्य केलं, ऑगस्टमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आला, वॉरंटी दोन वर्षं वाढवली. मायक्रोकोड पुढचं नुकसान टाळतो, आधीच खराब झालेला प्रोसेसर दुरुस्त करत नाही. तुमच्याकडे यातला प्रोसेसर असेल तर बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, हा मायक्रोकोड त्यातूनच येतो) अपडेट केलंय का ते आजच बघा.

रॅमचंही तसंच. एक्सएमपी, म्हणजे बायोसमधली रॅमचा वेग वाढवायची सेटिंग, चालू करून वेग वाढवला आणि दर वेळी वेगळ्याच ठिकाणी, वेगळ्याच मेसेजने क्रॅश होतंय, तर एक्सएमपी बंद करून बघा आणि रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावा, त्यात एकही एरर आला तरी ती रॅम नापास. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी सेव्हचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा, कारण खराब रॅम सेव्ह फाईलमध्येही चुकीचं लिहू शकते आणि सेव्हची ऑनलाइन प्रत ठेवणारा क्लाउड सिंक ती बिघडलेली फाईल इमानदारीत चांगल्या फाईलच्या जागी नेऊन ठेवतो.